गोळीशिवायची रात्र आणि गोळीआधीचं आयुष्य

पत्र लांबलचक आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथं देते. लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या आहेत, एका कार्यालयात हिशेबाचं काम पाहतात. सहा वर्षांपूर्वी आईच्या शेवटच्या आजारपणात त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी ‘पंधरा दिवस घ्या’ म्हणून दिली. आज त्या रात्री दहाला ०.५ च्या दोन गोळ्या घेतात आणि वर्षभरापासून दुपारी ०.२५ ची आणखी एक. एका डॉक्टरांची चिठ्ठी पुरेनाशी झाली तेव्हा त्यांनी दुसरे डॉक्टर गाठले. मध्यंतरी नणंदेच्या नावावर आणलेल्या गोळ्याही घेऊन झाल्या. परवा १९ वर्षांच्या लेकीला शिवणाच्या डब्यात पाकिटं आणि दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या सापडल्या, आणि घरात रणकंदन झालं. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

“लेक मला तोंडावर ‘अ‍ॅडिक्ट’ म्हणाली. मी व्यसनी आहे का? रोज वेळेवर कामाला हजर असते, हिशेबात एका पैशाची चूक नसते. घर, सासूबाईंची औषधं, सगळं जिथल्या तिथं. मग माझं नेमकं काय बिघडलंय ते तरी कळू दे. गेल्या वर्षी तीन रात्री बंद करून पाहिली, तर वेड लागायची वेळ आली. म्हणजे मला गोळीची गरज आहे, हे सिद्धच झालं ना? लेकीचं म्हणणं, येत्या रविवारी सगळ्या गोळ्या कचऱ्यात. ती आणखीही काही काही बोलते. तिनं म्हणे एका रात्री मला सांगितलं की तिला शिक्षणाची शाखा बदलायचीय, आणि सकाळी मी चकार शब्द काढला नाही. मला असं काही आठवतच नाही. मुली तिखटमीठ लावतात. हां, गाण्याचा क्लास सोडला, कुणाकडे मुक्कामाला जात नाही, पण आता वयही झालं की.”

ताई,

तुमचे प्रश्न तीन आहेत. उत्तरांची सुरुवात मात्र शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण तुमचा रविवार जवळ होता. पहिलं उत्तर तुम्हाला ई-मेलनं तेव्हाच कळवलं होतं. इतर वाचकांसाठी पुन्हा लिहिते.

गोळ्या फेकू नका. सहा वर्षं रोज घेतलेलं हे औषध एका दिवसात तोडलं तर नुसती झोप जाते असं नाही. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, आवाज आणि उजेड सहन होत नाही. काहींना आकडी येते, काहींना भ्रम होतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अल्प्राझोलाम ज्यात मोडतं त्या बेन्झोडायझेपिन गटातल्या सगळ्याच औषधांत हा धोका आहे. अल्प्राझोलाम शरीरातून तुलनेनं लवकर उतरतं, त्यामुळे त्याचा झटका एक-दोन दिवसांतच बसतो. तुमच्या लेकीचा हेतू चांगला आहे, तिचा उपाय धोक्याचा आहे. हे तिला माझ्या नावानं सांगा. आणि ज्यांना यातली एखादी गोळी फेफऱ्यासाठी दिलेली आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस चुकवू नये.

आता ‘मी व्यसनी आहे का?’ या प्रश्नाकडे वळते. मला यात फार वेळ घालवायचा नाही, कारण या शब्दावरून घराघरात नुसती भांडणं होतात आणि गोळी बाजूला राहते. पण दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्या माणसाचंही शरीर काही आठवड्यांत त्यावर अवलंबून राहायला लागतं. त्यात त्याचा दोष नसतो, शरीराचा तो धर्मच आहे. मात्र मनानंच डोस वाढवणं, एकाला कळू न देता दुसऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेणं, दुसऱ्याच्या नावावरची गोळी घेणं, झोपेसाठी दिलेली गोळी दुपारच्या ताणासाठी वापरणं, याला औषधाचा गैरवापर म्हणतात. तुमच्या पत्रात या चारही गोष्टी आहेत. तुम्ही स्वतःहून लिहिल्यात, म्हणून मीही आडपडदा न ठेवता सांगते.

डॉक्टर मंडळी अवलंबित्व किती हे पाहायला पाच प्रश्नांची एक छोटी यादी वापरतात. गोळीवरचा ताबा सुटलाय असं वाटतं का? एक डोस चुकेल या विचारानंच अस्वस्थ व्हायला होतं का? आपण घेतो याची काळजी वाटते का? थांबवता आलं असतं तर बरं, असं मनात येतं का? आणि थांबवणं किती अवघड वाटतं? यात कुणाच्या चारित्र्याबद्दल काही नाही, कामावर वेळेवर जाता का हेही नाही. रात्री एकट्या असताना उत्तरं द्या आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या. ‘अ‍ॅडिक्ट’ हा शब्द लेकीनं मागे घ्यावा की नाही, हे नंतर पाहू.

तुमचा खरा प्रश्न मधला आहे. सगळं तर नीट चाललंय, मग माझं बिघडलंय काय? झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्यांत अडकलेली बहुतेक माणसं हेच विचारतात. ती खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच दिसत नाही, आणि न दिसण्याची कारणं गोळीतच आहेत.

पहिलं कारण. तुम्ही तुलना कशाशी करताय? गोळी घेतलेल्या रात्रीची तुलना तुम्ही गेल्या वर्षीच्या त्या तीन रात्रींशी करता, आणि साहजिकच गोळी जिंकते. पण त्या तीन रात्री म्हणजे ‘गोळी नसलेली तुम्ही’ नव्हेच. ती गोळी अचानक काढून घेतल्यावरची शरीराची आरडाओरड होती. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते मज्जापेशींना शांत करतं. ही औषधं त्याचा परिणाम वाढवतात. रोज बाहेरून मदत मिळायला लागली की मेंदू आपली बाजू सैल सोडतो, गाबाला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. मग तीच गोळी कमी पडते, डोस वाढतो. आणि गोळी एकदम गेली की शांत करणारं कुणीच जागेवर नसतं. मूळ निद्रानाशापेक्षाही वाईट जागरण होतं. हे जागरण पाहून माणूस म्हणतो, बघा, मला गरज आहे. तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: तुम्ही आरंभीची शिल्लक चुकीच्या पानावरून उचलली आहे. ती त्या तिसऱ्या रात्रीवरून घ्यायची नाही. सहा-सात वर्षांपूर्वीच्या, आई आजारी पडण्याच्याही आधीच्या वर्षावरून घ्यायची आहे.

दुपारच्या गोळीचंही तेच. तुम्ही लिहिलंय, तीनच्या सुमारास उगाचच धडधडतं, काहीतरी वाईट होणार असं वाटतं, कामाचा ताण असेल. असेलही. पण हा हिशेब मांडून बघा. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण ११ तासांत निम्म्यावर येतं. रात्री दहाला घेतलेली गोळी दुपारी तीनपर्यंत जेमतेम एक तृतीयांश उरते. सवय झालेल्या शरीराला ही घट टोचते. म्हणजे रोज दुपारी तुम्हाला जे होतं, ते गेल्या वर्षीच्या त्या तीन रात्रींचं लहान रूप असण्याची बरीच शक्यता आहे. तुम्ही त्यावर गोळीच घेता, तासाभरात बरं वाटायला लागतं, आणि मन पुन्हा शिकतं की गोळी हाच उपाय. चिंता मुळात होती त्याहून वाढली ती बहुधा अशी.

दुसरं कारण जास्त कठीण आहे. या गोळ्या स्मरणशक्तीच्या एका विशिष्ट भागावर घाला घालतात. जुनं सगळं लक्षात राहतं, हिशेब चोख राहतात. पण गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत जे घडतं, ते मेंदूत नीट नोंदवलंच जात नाही. माणूस जागा असतो, बोलतो, मान डोलावतो, आणि सकाळी त्यातलं काही उरलेलं नसतं. लेक तुमच्याशी कधी बोलायला येत असेल? कॉलेज, जेवणं, आवराआवर झाल्यावर, म्हणजे दहानंतर. शाखा बदलायची ही तिच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट. ती धीर करून तुमच्याजवळ बसली असेल, तुम्ही ‘हं’ म्हणाला असाल, आणि सकाळी तुम्ही चहा हातात देऊन कामाला लागलात. तिनं काय समजायचं? आई नाराज आहे, किंवा आईला पडलेलीच नाही. मी त्या खोलीत नव्हते, घडलं ते असंच घडलं असं छातीठोक सांगू शकत नाही. पण तिखटमीठ तिनं लावलेलं नसावं, असं मला वाटतं. आणि जे आठवतच नाही, त्याची हानी तुम्ही मोजणार कशी?

‘जगण्याची गुणवत्ता’ हा शब्द सध्या कशालाही लावतात, विशेषतः घरांच्या जाहिरातींत. वैद्यकशास्त्रात मात्र ती मोजायची रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ती माणसाला गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. त्यातले प्रश्न चार भागांत पडतात: शरीर, मन, माणसांशी असलेलं नातं आणि भोवतालची परिस्थिती. मला तिच्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की उत्तर माणसानंच द्यायचं असतं, आपल्या अपेक्षा आणि आपली मूल्यं धरून. कामावर हजेरी किती हा प्रश्न नाही. तुम्ही आयुष्याचा आनंद किती घेता, आयुष्याला अर्थ आहे असं किती वाटतं, लक्ष किती लागतं, स्वतःवर किती समाधानी आहात, नातेसंबंधांबद्दल समाधानी आहात का, हे प्रश्न आहेत. फुरसतीत आवडीचं काही करायची संधी किती मिळते, हाही आहे. आणि एक असा आहे की वाचताना तुम्ही थबकाल: रोजचं आयुष्य चालवायला तुम्हाला औषधोपचाराची किती गरज पडते?

हे प्रश्न हातात धरून मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. नीट चाललेल्या गोष्टींची यादी तुम्ही दिलीत, ती सगळी इतरांसाठी करायच्या कामांची आहे. नोकरी, घर, सासूबाई. त्यात तुमचं स्वतःचं असं एकही काम नाही. तुमच्या स्वतःच्या गोष्टी वेगळ्या परिच्छेदात आल्या आहेत, शेवटी, ‘वय झालं’ या शीर्षकाखाली. गाण्याचा क्लास सोडला, कारण तो संध्याकाळी उशिरा असतो आणि परतेपर्यंत गोळीची वेळ होते. बहिणीकडे मुक्काम नको, कारण पाकीट सोबत न्यायचं आणि कुणाला दिसू द्यायचं नाही. पूर्वी वाचायच्या, आता दोन पानांपुढं जात नाही. एका ओळीत तुम्ही लिहिलंय की भाऊजींच्या निधनाला गेलात आणि रडूच आलं नाही, ‘मनानं खंबीर झालेय बहुतेक’. ताई, ४७ हे काही गाणं सोडायचं वय नाही. आणि रडू न येणं हा दर वेळी खंबीरपणाच असतो असंही नाही. ही औषधं भीती बोथट करतात, पण फक्त भीती निवडून बोथट करायची कला त्यांना नाही. दुःख, उत्सुकता, हसू, लेकीच्या चेहऱ्यावरची चलबिचल टिपणारी नजर, सगळ्यांवर थोडा थोडा थर चढतो.

अशा गोळ्यांत दीर्घकाळ राहिलेल्यांचं आयुष्य बहुधा एका दिवसात उद्ध्वस्त होत नाही. ते आकसतं. आधी रात्रीचे कार्यक्रम जातात, मग प्रवास, मग नवी ओळख, मग घरातल्या माणसाशी दहानंतरच्या गप्पा. उरतं ते काम तेवढं, आणि काम चोख असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. सोबत गुपिताचं ओझं. किती गोळ्या उरल्या, चिठ्ठी कधी संपते, दोन्ही डॉक्टरांची गाठ पडणार नाही ना, डबा कुठं ठेवायचा. या मोजामापीत रोज किती डोकं खर्च होतं ते तुम्हीच जाणता. पत्रात तुम्ही उरलेल्या गोळ्यांचा आकडा न विचारता लिहिला आहे.

आणि निदान झोप तरी मिळते म्हणावं, तर तिथंही गंमत आहे. गोळीनं डोळा लवकर लागतो, पण गाढ झोपेचा जो टप्पा असतो, तो या औषधांनी कमी होतो. झोपेचे तास भरतात, ताजेपणा येत नाही. सकाळी अंग जड, डोकं बधिर, तोल किंचित डळमळीत. आज तुम्हाला ते निभतं. हीच सवय सत्तरीपर्यंत गेली, तर पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हा खरा धोका असतो. म्हणूनच वयस्कांना ही औषधं शक्यतो देऊ नयेत असं वैद्यकीय मार्गदर्शक सूत्रं सांगतात.

एवढं सगळं लिहिल्यावर गोळीची बाजूही घेते, नाहीतर अन्याय होईल. तुमच्या आयुष्यातलं सगळं उणं गोळीनं आणलेलं नाही. आईचं जाणं होतं. त्या आधीचे जागरणाचे महिने होते. काळजी करायचा स्वभाव बहुधा आधीपासून असावा. ज्यांना मुळात चिंता, नैराश्य किंवा निद्रानाश असतो, त्यांचं जगणं गोळीआधीच खालावलेलं असतं, म्हणून तर ते गोळीपर्यंत पोचतात. त्यामुळे गोळी गेली की सगळं आपोआप फुलेल असं आश्वासन मी देणार नाही. दुःख तिथंच असेल, कदाचित सहा वर्षं थांबून राहिलेलं, आणि त्याकडे बघावं लागेल. पहिल्या पंधरा दिवसांत गोळीनं तुम्हाला मदतही केली असणार. अशा संकटात थोडे दिवस ती देणं चूक नव्हतं. चूक पुढं झाली, आणि ती तुमची एकटीची नाही.

बेन्झोडायझेपिन गटातलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं, डायझेपाम १९६३ मध्ये. त्याआधीच्या बार्बिट्युरेट गोळ्यांपेक्षा ती खरोखरच सुरक्षित होती, म्हणून डॉक्टरांनी ती मुक्तहस्ते लिहिली. सवय लागते हे नंतर उमगत गेलं. ब्रिटनमध्ये १९८८ सालीच औषध सुरक्षा समितीनं सांगितलं होतं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली या सगळ्या गटावर गैरवापर, अवलंबित्व आणि ती सोडतानाचा त्रास याबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तुमच्या पहिल्या चिठ्ठीवरचे ‘पंधरा दिवस’ बरोबर होते. सोळाव्या दिवशी ‘आता कसं आहे?’ असं विचारणारं कुणी नव्हतं, इतकंच. डॉक्टरांकडे चिठ्ठी पुढं चालू ठेवायला अर्धं मिनिट लागतं आणि ती थांबवायला सहा महिन्यांची बोलणी लागतात. यावर मी पूर्वीही लिहून बोलणी खाल्ली आहेत, आणि पुन्हा लिहीन.

आता करायचं काय. मी समुपदेशक आहे, औषध लिहून देणारी नाही, म्हणून डोसचं वेळापत्रक माझ्याकडून मागू नका. ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. पण तिथं काय अपेक्षित आहे हे माहीत असलं तर तुम्ही घाबरणार नाही. अमेरिकेतल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संस्थेनं इतर संघटनांबरोबर २०२५ साली काढलेल्या मार्गदर्शनानुसार सुरुवात चालू डोसच्या ५ ते १० टक्के कपातीनं करायची, दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि दोन आठवड्यांत सहसा २५ टक्क्यांहून जास्त कमी करायचं नाही. तुमचा दिवसाचा एकूण डोस १.२५ मिलिग्रॅम आहे. त्याचे १० टक्के म्हणजे सगळ्यात छोट्या गोळीची अर्धी. पहिली पायरी एवढीशी असू शकते. ती दुपारच्या गोळीतून काढायची की रात्रीच्या, हे डॉक्टरांवर सोडा. सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची गोळी असेल तर ती तोडायचीही नसते, तेही त्यांना विचारा. काही डॉक्टर आधी डायझेपामसारख्या हळू उतरणाऱ्या औषधावर आणतात आणि मग तेच कमी करत नेतात. ब्रिटनमधल्या प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ अशा गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं, तेव्हापासून या रीतीला मोठा आधार मिळाला. एकूण महिने लागतील, कदाचित वर्षही. मधे एखाद्या पायरीवर थांबायची मुभा असते.

यात एक टप्पा असा येईल की तुम्हाला वाटेल, आपण आधीच बरे होतो. प्रत्येक कपातीनंतर काही दिवस झोप बिघडते, चिडचिड होते. म्हणजे मी ज्या जगण्याच्या गुणवत्तेबद्दल एवढं बोलले, ती आधी खाली जाईल आणि मग वर येईल. हे कुणी आधी सांगत नाही आणि बिचारी माणसं दुसऱ्याच पायरीवर परत फिरतात. बहुतेकांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती सुधारते, पण वेळ लागतो, आणि बरीच वर्षं घेतलेल्यांत सगळीच्या सगळी परत येते असं नाही. कपातीच्या काळात आकडी, भ्रम किंवा गोंधळल्यासारखं झालं, किंवा जीव नकोसा वाटला, तर ती वाट पाहायची गोष्ट नाही, त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

नुसती गोळी कमी करून भागत नाही, झोप परत शिकावी लागते. सीबीटी-आय नावाची एक पद्धत आहे, निद्रानाशासाठीच बेतलेली. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, हा, असं अमेरिकेतल्या फिजिशियन मंडळींच्या संस्थेनं २०१६ सालीच म्हटलं आहे. सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची, रात्र कशीही गेली तरी. अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, पेंग आली की परतायचं. पलंगावर पडून राहण्याचा एकूण वेळ आधी कमी करायचा, मग हळूहळू वाढवायचा. ऐकायला किरकोळ वाटतं आणि पहिले पंधरा दिवस अगदी जीव खातं. पण कॅनडातल्या एका अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या प्रौढांपैकी ज्यांनी गोळी हळूहळू कमी करण्याबरोबर ही पद्धत वापरली, त्यांतले ८५ टक्के उपचाराअखेरीस गोळीमुक्त झाले. नुसती गोळी कमी करणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. ही पद्धत शिकवणारे मानसशास्त्रज्ञ कोण, हे डॉक्टरांना थेट विचारा. ‘झोपेचं जरा सांभाळा’ एवढ्यावर बोळवण होऊ देऊ नका.

मद्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. घेत असाल, कधीमधी का होईना, तर गोळीबरोबर बिलकुल नको. अफूवर्गीय वेदनाशामकं आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नको. या जोड्यांत श्वास मंदावत थांबू शकतो. गाडी चालवत असाल तर सकाळच्या जडपणात आणि कपातीच्या दिवसांत चालवू नका.

लेकीबद्दल. तिला पोलिसाचं काम देऊ नका, आणि तिनं ते स्वतःहून घेतलं तर तेही काढून घ्या. १९ वर्षांच्या मुलीनं आईच्या गोळ्या मोजत बसणं दोघींनाही वाईट. गोळ्या ठेवायला आणि रोजचा डोस हातात द्यायला घरातलं दुसरं मोठं माणूस हवं. तुमच्या यजमानांचा पत्रात एकदाच उल्लेख आहे, ‘यांना काही माहीत नाही’ असा. त्यांना सांगायची वेळ आली आहे. मुलीला वाटत असेल की हे घर तिलाच एकटीला वाचवायचं आहे. तिच्याशी बोला, पण रात्री दहानंतर नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी उशिरा, डोकं मोकळं झाल्यावर. गोळीचा खुलासा नंतर द्या. आधी तिला विचारा की शाखा का बदलायची आहे, आणि तिनं आधी सांगितलं होतं ते आपल्याला आठवत नाही हेही सरळ कबूल करा. ती रागावेल. रागावू द्या.

तज्ज्ञांकडे जाताना आधीच्या दोन्ही चिठ्ठ्या न्या, त्या पाच प्रश्नांची उत्तरं न्या, आणि एका कागदावर खरा डोस लिहा. पुष्कळ जण इथंच थोडा कमी आकडा सांगतात, भिडेपोटी. मग कपातीचं गणित चुकीच्या आकड्यावरून सुरू होतं, आणि त्याचा त्रास डॉक्टरांना नाही, तुम्हाला होतो. नणंदेच्या नावावरच्या गोळ्यांचंही सांगा. ओरडा मिळाला तर मिळाला. आणि यापुढे चिठ्ठी एकाच डॉक्टरांची, एकाच दुकानातून.

दुसऱ्या डॉक्टरांना कळवलं नाही आणि नुसतं जाणं बंद केलं तर चालेल का, असं तुम्ही ताजा कलमात विचारलंय. नाही चालणार. फोन करून सांगा की आता उपचार दुसरीकडे सुरू आहेत, मला ही गोळी पुन्हा लिहून देऊ नका. कपातीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, एखाद्या जागरणानंतर, पावलं तिकडेच वळतील. तो दरवाजा आज तुम्हाला बंद करता येतो, त्या दिवशी येणार नाही.